वाणात गेलेल्या मेंढ्या

पेटीत दोनशे बारा नग होते. कॉलेजमधून पेटी ताब्यात घेताना मी ते तीन वेळा मोजले, वहीत लिहिले आणि खाली सरांची सही घेतली. सर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि कॉलेजची एखादी वस्तू आमच्या घरात येण्याची ती पहिलीच वेळ होती.

मी जालन्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. गणिताच्या सरांनी गेल्या वर्षी बोर्ड गेमचा क्लब सुरू केला. दर शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत आम्ही सातआठ जण जमतो. तिथले खेळ लुडो, सापशिडीसारखे नसतात. जाड पुठ्ठ्याचा पट, शेदीडशे पत्ते, लाकडाच्या बारीक बारीक वस्तू, आणि नियम वाचायलाच अर्धा तास. मी तिथे मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून गेले होते. मैत्रीण दुसऱ्या शनिवारपासून आली नाही, मी राहिले.

त्याचं कारण सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. वर्गात मी बोलत नाही. मनात उत्तर जुळवून होईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो. खेळात तसं होत नाही. तुमची चाल आली की तुम्ही खेळल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही. पहिल्या दिवशी मी खेळातलं नखाएवढं लाकडी पोतं हातात घेऊन बराच वेळ बसले, आणि पाच जण गप्प बसून माझ्या हाताकडे बघत होते. चल जल्दी, असं कोणी म्हटलं नाही. त्या दिवशी फोनवर मी आईशी इतकं बोलले की तिने विचारलं, ताप आलाय का.

प्राचार्यांना हा क्लब पसंत नव्हता. परवानगी देताना त्यांनी आमच्यासमोरच सरांना सांगितलं होतं की बाहेरून आणलेल्या खेळातला एक नग जरी हरवला, तर त्या दिवसापासून खोलीला कुलूप.

आणि मग ही पेटी आली. पुण्याची एक नवी कंपनी खेळ बनवते. छापायच्या आधी तिने हाताने केलेली एकेक प्रत काही कॉलेजांना तपासायला पाठवली होती. खेळ कसा आहे ते त्यांना विचारायचं नव्हतं. पट किती जाड वाटतो, पत्ते बोटांना कसे लागतात, लाकडाचा रंग कसा आहे, पेटीतले कप्पे वस्तू धरून ठेवतात का, आणि एकंदर बघणाऱ्याला हात लावावासा वाटतो का, याला दहापैकी गुण द्यायचे होते आणि कारणं लिहायची होती. सरांनी हे काम मला दिलं. बाकीचे जिंकतात की हरतात एवढंच बघतात, तू पत्त्यांचा वास घेतेस, असं ते म्हणाले. हे त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं. संक्रांतीच्या सुट्टीत घरी ने, निवांत बघ, आणि रथसप्तमीनंतरच्या सोमवारी परत आण, असं ठरलं. प्राचार्यांनी मान हलवली आणि अट पुन्हा एकदा ऐकवली.

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडे आहे. एसटीत मी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिक्सर हाय का. मी हो म्हणाले. समजावून सांगायला बराच वेळ लागला असता.

खेळ शेतीचा होता. लाकडाच्या पांढऱ्या मेंढ्या, नारिंगी भोपळे आणि निळी माणसं, सगळी बोटाच्या पेराएवढी. मेंढ्यांना कान नव्हते, माणसांना तोंड नव्हतं. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यावेत हे मला कळेना, म्हणून मी बाबांना विचारलं. बाबा बियाण्याच्या कंपनीच्या शेडमध्ये प्रतवारीचं काम करतात. चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवण्यातच त्यांचा दिवस जातो.

त्यांनी एक भोपळा उचलून दाढेखाली धरला.

"ओल न्हाई," ते म्हणाले. "वाळवण बराबर हाय."

मग त्यांनी सगळी माणसं मूठभर घेऊन पितळी ताटात टाकली आणि कान देऊन ऐकलं. दोन नग पोचट आहेत, असा त्यांचा निकाल होता. मी लिहिलं, लाकडाची घनता सर्व नगांत सारखी नाही. पत्त्यांची कड त्यांनी अंगठ्याने चोळली, पट उन्हात तिरपा धरला, रिकाम्या पेटीवर टिचकी मारली. शेवटी विचारलं, याची उगवण किती. मी म्हटलं, हे पेरायचं नसतं बाबा. त्यावर ते म्हणाले, मग प्रतवारी कशाला करून राह्यले. हा प्रश्न मी अहवालात घातला नाही, पण तो मला अजून पडतो.

माझी चूक त्याच दिवशी झाली. चुलीपुढे बसलेल्या आईने विचारलं की हे काय आहे, आणि मी म्हणाले, "सँपल हाय. कंपनीनं तपासायला दिलंय."

पुण्यात कोणी असं म्हटलं तर त्याचा अर्थ वेगळा होत असेल. आमच्याकडे बियाण्याच्या कंपन्या दर हंगामाला घरोघर सँपलची पाकिटं देतात. घ्या, लावून बघा, कसं येतं ते सांगा. ते पाकीट परत मागायला आजवर कोणी आलेलं नाही. येणार कसं, ते मातीत गेलेलं असतं. सँपल म्हणजे दिलेली वस्तू, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला मात्र त्या क्षणी आठवलं नाही, कारण मी दीड वर्ष जालन्यात राहत होते.

आमच्या घरी हळदीकुंकू होतं त्या दुपारी मी अहवालाच्या कागदाची झेरॉक्स काढायला टेंभुर्णीला गेले होते. तिथे लाईट गेली होती, म्हणून उशीर झाला. परत आले तर आई फार खुशीत होती. वाण म्हणून तिने चहाच्या दोन डझन गाळण्या आणून ठेवल्या होत्या, पण वरच्या आळीतल्या बायाही आल्या आणि गाळण्या संपल्या.

"मंग तुझ्या सँपलातून दिलं," आई म्हणाली. "लई आवडलं बायांना. गाळणी मिळालेल्या नाराज झाल्या."

मी पेटी उघडली. नऊ मेंढ्या, आठ भोपळे आणि सहा माणसं, एकूण तेवीस नग गेले होते. मी पुन्हा मोजलं. मोजण्याने काही परत येत नाही हे माहीत असूनही मी चार वेळा मोजलं.

"आई, हे परत द्यायचं होतं."

"सँपल परत?" आईला खरंच कळेना. "कोणती कंपनी सँपल परत घेती?"

मग मी तिला सगळं सांगितलं. खोली, शनिवार, प्राचार्य, कुलूप. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं. खेळ बंद होतील याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिने मधेच विचारलं,

"तिथं तू बोलतीस?"

"हो."

"लोकांम्होरं?"

"माझी चाल आली की सगळे थांबतात आई. मी बोलेपर्यंत थांबतात."

आईने डोक्यावर पदर घेतला आणि शेजारी मोठ्या आईकडे गेली. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. गावात कोणाकडे कधी काय द्यावं आणि काय घेऊ नये, हे तिला विचारून ठरतं.

मोठी आई लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की वाण परत मागता येत नाही. लुटलेलं वाण मागणारी बाई आजवर या गावात झाली नाही आणि आमच्या घरात तर होणारच नाही. आई रडकुंडीला आली. मग मोठी आई म्हणाली,

"मागता येत न्हाई म्हणलं म्या. कुणी आपल्या हातानं तुला वाण दिलं, तर तू न्हाई म्हणतीस का?"

रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालतं. प्रत्येक बाई कधी ना कधी आईला बोलावणारच. तेव्हा तिने आपल्याकडचा नग आईला वाणात द्यायचा. कोणी काही मागितलं नाही, कोणी काही परत केलं नाही, आणि मेंढी घरी. मला हे इतकं सोपं वाटलं की मी वहीत तेवीस रकाने आखले.

पहिलं हळदीकुंकू मोठ्या आईचंच होतं. तिने सगळ्यांना स्टीलचा चमचा दिला आणि आईला चमच्याबरोबर तिळगुळाखाली लपवून एक मेंढी दिली. पण शेजारी बसलेल्या बाईने पाहिलं.

"हिला दोन काहून?"

तिथून सगळं बिघडलं. वाण सगळ्यांना सारखं द्यावं लागतं. वरच्या आळीतल्या एका काकूंनी हे इतकं मनावर घेतलं की आपल्याकडे वशिला चालत नाही हे दाखवायला त्यांनी जावांकडून आणि नणंदेकडून सहा नग गोळा केले आणि आपल्या हळदीकुंकवाला पहिल्या आलेल्या सहा बायांना वाटून टाकले. आई सातवी होती. तिला प्लास्टिकचा डबा मिळाला. त्या सहांपैकी एक तर माहेरी आलेली लेक होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती भोपळा घेऊन वडीगोद्रीला सासरी गेली.

माझे रकाने पुरेनात. प्रत्येक नगाचा प्रवास लिहायला मी नवीन पान सुरू केलं. मेंढी चौथी, आमच्या घरून सरपंचांच्या वहिनींकडे, तिथून वरच्या आळीला, तिथून शाळेमागे. एक मेंढी पाच दिवसांत चार घरं फिरली. मी तिच्याहून कमी फिरले असेन.

मी आईबरोबर जाऊ लागले. लग्न न झालेल्या मुलीला वाण मिळत नाही, पण बसायला मिळतं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायचे आणि बाया माझ्याकडे बघून नग काढून दाखवायच्या, कंपनीचा माणूस पाहणीला आल्यासारखं. आणि तिथेच माझा अहवाल तयार झाला. घरी एकटीने पेटीसमोर बसून मला जे सुचलं नव्हतं, ते बाया आपणहून सांगत होत्या. भोपळा सगळ्यांना आवडला होता. एकीने तो मोडक्या झाकणाला मूठ म्हणून बसवला होता. तो काढताना तिचा जीव कळवळला, हे मी आकर्षकतेच्या रकान्यात लिहिलं. निळी माणसं कोणालाच नको होती. तोंड नाही म्हणून दोघींनी ती पालथी घालून ठेवली होती. एक आजीबाई म्हणाल्या, हे माणूस बघून राह्यलं का पाठ करून बसलं हेच कळत न्हाई. मी माणसांना दहापैकी तीन गुण दिले. भोपळा घे आणि मेंढी दे, असे सौदेही व्हायला लागले होते. दोन माणसांना एक मेंढी, असा भाव निघाला.

शेवटी मोठ्या आईने लाज सोडली. एका भरल्या हळदीकुंकवात उभं राहून तिने जाहीर केलं की यंदा गावात एक खेळ चालू आहे. सगळी लाकडं रथसप्तमीपर्यंत एका घरी पोचायला पाहिजेत, पण कोणी मागायचं नाही आणि कोणी परत करायचं नाही, फक्त वाण म्हणून द्यायचं. ज्यांच्याकडे लाकूड आहे त्यांनी हिच्या, म्हणजे माझ्या आईच्या, घरी जाणाऱ्या रस्त्यातल्या बाईला द्यावं. बायांना हे एका दमात कळलं. पेटीतल्या नियमांच्या पुस्तकाला चोवीस पानं होती आणि ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही.

एक भोपळा अंगणवाडीच्या ताईंकडे होता. त्या बौद्ध, हळदीकुंकवाला येत नाहीत, पण आईची त्यांच्याशी जुनी मैत्री असल्याने तिळगुळाबरोबर आईने त्यांना तो पाठवला होता. त्यांच्याकडे मी सरळ गेले. ताईंनी तो पोरांना आकडे शिकवायच्या डब्यात ठेवला होता. त्यांनी भोपळा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला तुमच्या वाणाचा कायदा न्हाई, घेऊन जा. पण लिही, देठाचं टोक टोचतं. लहान लेकराच्या डोळ्याला लागंल." आठ भोपळ्यांना मी शंभरदा हात लावला असेल. ते टोक मला जाणवलं नव्हतं.

रथसप्तमी जवळ आली तसे नग यायला लागले. वडीगोद्रीचा भोपळा एसटीच्या ड्रायव्हरकडून आला, तिळगुळाच्या पुडीत गुंडाळून, कारण नुसतं वाण पाठवणं बरं दिसत नाही. पण आता नवीनच गोष्ट समोर आली. वाण देताना त्याला हळदकुंकू लावतात. चार घरं फिरलेल्या मेंढीला चार वेळा लावलं होतं. पांढऱ्या रंगावर ते असं बसलं की साबणाने धुतलं, राखेने घासलं, तरी गेलं नाही. आलेल्या सगळ्या मेंढ्या कपाळाला लाल आणि पाठीवर पिवळ्या झाल्या होत्या. मी अहवालात लिहिलं, पांढऱ्या नगांवर वार्निश नाही, हळद शोषली जाते. हे कसं कळलं असं कोणीतरी विचारणारच होतं.

रथसप्तमीला बावीस नग जमले होते. एक मेंढी सुतारकाकूंकडे होती आणि त्या आल्या नव्हत्या. संध्याकाळी त्या आल्या, अवघडल्यासारख्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या आणि आईच्या ओटीत दोन मेंढ्या टाकल्या. त्यांच्याकडची मेंढी हरवली होती. सांगायची चोरी, म्हणून सुतारकाकांनी कुदळीच्या दांड्याच्या उरलेल्या बाभळीतून दुसरी केली. तिला पांढरा रंग दिला, आणि मेंढीला कान नसतात असं त्यांना मान्य नसल्याने दोन कान काढले. आज सुगड रिकामं करताना बोरं आणि हरभऱ्याच्या खाली पहिली सापडली. आता एक ठेवून घेतली तर वाण अडवल्यासारखं होईल, म्हणून दोन्ही.

असे दोनशे तेरा झाले.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर होते आणि मी होते. प्राचार्यांनी पेटी टेबलावर उपडी केली आणि स्वतः मोजायला बसले. मला वाटतं त्यांना एखादा कमी निघेल अशी आशा होती. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्या वहीतला आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"वाढला कसा?" प्राचार्य म्हणाले. मग त्यांनी एक मेंढी उचलली. "आणि हे काय लागलंय?"

"हळदकुंकू," मी म्हणाले.

सरांनी खिडकीबाहेर बघणं थांबवलं. मला वाटलं संपलं. खोलीचं कुलूप मला डोळ्यांसमोर दिसलं, त्याची किल्लीसुद्धा. पुढचं वाक्य मी मनात जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. नेहमीप्रमाणे आता प्रश्न पुढे जाईल, सर काहीतरी बोलून वेळ मारून नेतील, असं वाटलं. पण त्यातलं काही झालं नाही. प्राचार्य मेंढी हातात धरून बसले होते, सर माझ्याकडे बघत होते आणि दोघेही गप्प होते. माझ्या लक्षात आलं की माझी चाल आहे.

मी सँपलपासून सुरू केलं. गाळण्या, मोठी आई, दोन काहून, वडीगोद्री, देठाचं टोक, सुगड, सगळं सांगितलं. मधे एकदा शिपाई चहा घेऊन आला तर प्राचार्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

माझं झाल्यावर सर हळूच म्हणाले, "सर, तपासायलाच दिले होते."

प्राचार्यांनी कान असलेली आणि कान नसलेली अशा दोन मेंढ्या घेतल्या आणि टेबलाच्या काचेवर एकेक करून वीतभर उंचीवरून टाकल्या. दोन वेगळे आवाज आले.

"ही भरीव आहे," कानवालीकडे बोट करून ते म्हणाले.

"बाभळीची आहे सर."

"ते कळलं." त्यांनी पेटी नीट भरली, वहीवर सही केली आणि कानवाली मेंढी माझ्यापुढे सरकवली. "ही मोजणीत नाही. घेऊन जा."

हात पुढे न्यायचा की नाही ते मला क्षणभर कळेना. मग मी हात मागेच ठेवला.

"सर, वाण परत घेत नाहीत."

प्राचार्यांनी मेंढी उचलली, इकडेतिकडे जागा पाहिली आणि टेबलावरच्या कॅलेंडरशेजारी ठेवली. तोंड दाराकडे आलं, म्हणून पुन्हा फिरवून आपल्याकडे केलं.

"तुमची ती खोली," त्यांनी सरांना विचारलं, "शनिवारी किती वाजता उघडता?"

सरांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "दोन वाजता."